‘परकीय हात’ ओळखायची कार्यशाळा : पैसे वसूल, शेवटचं सत्र सोडून

आधी कामाचं सांगते. फी साडेचार हजार. वर्ग शनिवार-रविवारी. जागा टिळक रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही आणि चारचाकी लावायचा विचारही करू नका. चहा दोनदा मिळतो, तोही वेळेवर. विषय असा : एखाद्या देशात राजवट डळमळणार का, आणि तिथल्या बंडखोरांना बाहेरून कोण पोसतंय, याचे अंदाज गुप्तवार्ता खाती कसे बांधतात. शिकवणारे सर निवृत्त अधिकारी आहेत. कुठल्या खात्यातून निवृत्त, असं कोणी विचारलं की “सरकारी नोकरी होती” म्हणून हसायचे. संस्थेचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि माणसं भली आहेत.

मी भोसरीच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघते. माल जातो ढाका, काठमांडू आणि कोलंबोला. म्हणजे जुलै २०२२ मध्ये श्रीलंकेचे गोटाबाया राजपक्षे पळाले, ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशच्या शेख हसीना पळाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या ओलींनी राजीनामा दिला, या तिन्ही वेळा माझ्या टेबलावर फाइल उघडी होती. तिन्ही वेळा कँटीनमध्ये चर्चा एकच : “यामागे कोण आहे?” उत्तरंही तयारच असतात. अमेरिका, चीन, पाकिस्तान, आणि फारच जोर चढला तर अमेरिकी अब्जाधीश सोरोस. मला एवढंच हवं होतं की, त्या उत्तराचा माझ्या कंटेनरला काही उपयोग आहे का. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात इंटरनेट बंद झालं तेव्हा आमचा माल चितगावला पडून होता. तिथल्या कस्टमचं काम ऑनलाइन, त्यामुळे तेही ठप्प, आणि गिऱ्हाइकाचा फोन लागेना. त्या आठवड्यात साहेबांनी मला बांगलादेशच्या सेंट मार्टिन बेटावर अमेरिकेचा डोळा असल्याबद्दल भरपूर ऐकवलं. माल कधी सुटेल, हे त्यातून काही कळलं नाही.

सुरुवात सरांनी पुण्यापासूनच केली, हे मला फार आवडलं. पहिला कागद १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाचा. रौलट म्हटलं की आपल्याला थेट १९१९ चा कायदा आणि जालियनवाला आठवतो. त्याच्या आधीचा अहवाल कोण वाचतं? तर हा अहवाल म्हणजे ब्रिटिशांनी क्रांतिकारक गटांचा केलेला गुप्तवार्ता-अंदाजच आहे, आणि तो सुरूच होतो दख्खनपासून : गणेशोत्सव, शिवजयंती, मग चाफेकर बंधू. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आटोपून निघालेल्या रँडवर जिथे गोळी झाडली, त्याच रस्त्यावर आपण ट्रॅफिकमध्ये अडकून हॉर्न वाजवतो. सरांनी विचारलं, “अहवाल लिहिणाऱ्याने कारण कुठे शोधलंय?” सगळ्यांनी माना खाली घालून वाचायला घेतलं. प्लेगच्या घरझडत्यांचा उल्लेख आहे, नाही असं नाही. पण वजन टाकलंय ते उत्सवांवर, ‘केसरी’वर आणि एका जातीवर. घरात सोजीर शिरल्यावर माणसाला काय वाटतं, हा प्रश्न अहवालाला फारसा पडलेलाच नाही.

याच अहवालात पुढे जर्मन कटाचं प्रकरण आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीने गदर पक्षाला आणि बंगालच्या क्रांतिकारकांना पैसा नि शस्त्रं पुरवायचा घाट घातला होता. ‘ॲनी लार्सन’वर शस्त्रं चढवली, ती समुद्रात ‘मॅव्हरिक’वर घ्यायची होती, दोन्ही जहाजांची गाठच पडली नाही. बाघा जतीन ज्या शस्त्रांची वाट बघत बालासोरच्या बाजूला थांबले होते, ती आलीच नाहीत. सप्टेंबर १९१५ मध्ये पोलिसांशी चकमक झाली आणि ते गेले. म्हणजे परकीय हात होता, शंभर टक्के होता. पण खुद्द अहवालच म्हणतो की क्रांतिकारक वाजवीपेक्षा आशावादी होते आणि जर्मनांना या चळवळीची फारशी माहितीच नव्हती. असं स्वतः लिहूनही शिफारस काय, तर विनाचौकशी डांबायचे अधिकार द्या! इथे मागच्या बाकावरचा एक मुलगा “मग अंदाज बरोबर होता की चूक?” असं म्हणाला. सर म्हणाले, “अंदाज बराच बरोबर होता. औषध भलत्या रोगाचं दिलं.” हे मी वहीत लिहून घेतलं.

दुसरं सत्र मात्र खरं सोनं. प्रत्येकाला एका ‘देश क’ची माहिती लिहिलेली कार्डं दिली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एक अक्षर, एक आकडा. अक्षर ए ते एफ, म्हणजे खबर देणारा किती भरवशाचा; आकडा १ ते ६, म्हणजे खबर स्वतः किती पक्की. दोन्ही वेगळं जोखायचं, कारण भरवशाचा माणूसही ऐकीव सांगतो आणि थापाड्याही कधीतरी खरं बोलतो. आणि एफ म्हणजे खोटारडा असं नाही. एफ म्हणजे या माणसाला जोखायला आपल्याकडे काही साधनच नाही. आमच्या साहेबांचे दुबईचे मित्र, जे जगातल्या प्रत्येक बंडाच्या आदल्या रात्री ‘आतली खबर’ पाठवतात, त्यांची मी इतकी वर्षं उगाच चेष्टा करत होते. ते एफ आहेत.

कार्डांवर असं होतं : सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रात परदेशात राहणाऱ्या एका धर्मगुरूची निंदा करणारा लेख येतो. दोन दिवसांनी त्या धर्मगुरूच्या गावात विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार. चाळीस दिवसांनी मृतांच्या शोकसभा होतात, त्यातून दुसऱ्या शहरात दंगल, आणखी मृत्यू. पुन्हा चाळीस दिवस, तिसरं शहर. उन्हाळ्यात एका सिनेमागृहाला आग, चारशेच्या वर माणसं जळून मरतात, लोक गुप्त पोलिसांवर ठपका ठेवतात. दुसऱ्या बाजूची कार्डंही तेवढीच जड : सैन्य एकनिष्ठ, तेलाचा पैसा वाहतोय, गुप्त पोलिसांची दहशत आहे, आणि महासत्तेच्या अध्यक्षाने नुकतंच जाहीर जेवणात या देशाला स्थैर्याचं बेट म्हटलंय. प्रश्न : ‘वर्षभरात राजा जाईल’ याची शक्यता किती टक्के? ‘सांगता येत नाही’ चालणार नाही, आकडा लिहायचा आणि खाली सही करायची.

यूपीएससीच्या एका पोराने ‘चाळीस दिवस’ वाचताक्षणीच देश ओळखला. सरांनी ओठावर बोट ठेवलं. बाकीच्यांनी दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास आकडे टाकले. शेजारचे निवृत्त कर्नलसाहेब आकडा टाकायच्या आधी दोनदा म्हणाले, “पण यात रशिया कुठे आहे?”

देश अर्थातच इराण, कार्डं १९७८ ची. कुम, तबरीझ, यझ्द आणि आबादान. मग सरांनी सीआयएच्या ऑगस्ट १९७८ च्या मूल्यमापनातलं वाक्य फळ्यावर लिहिलं. आशय असा की, इराण क्रांतीच्या अवस्थेत नाही, क्रांतिपूर्व अवस्थेतही नाही. १६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून गेले. १ फेब्रुवारीला खोमेनी, म्हणजे कार्डावरचे ते धर्मगुरू, तेहरानला उतरले.

कर्नलसाहेबांच्या प्रश्नावर सर चिडले नाहीत, उलट त्यावरच पुढचा तास घेतला. खुद्द शहांनाही वाटायचं की हे इंग्रज करताहेत, मग वाटायला लागलं अमेरिका करतेय. अमेरिकनांची पंचाईत वेगळी : विरोधकांशी ते बोलतच नव्हते, शहा नाराज होतील म्हणून, त्यामुळे देशातल्या असंतोषाची माहिती कुठून, तर शहांच्याच गुप्त पोलिसांकडून, सावाककडून. आणि शहांना कर्करोग आहे, हे फ्रेंच डॉक्टरांना १९७४ पासून ठाऊक होतं, अमेरिकेला नव्हतं. खोमेनी ऑक्टोबर १९७८ पर्यंत इराकमध्ये नजफला, मग पॅरिसजवळच्या एका खेड्यात. त्यांची भाषणं कॅसेटवर भरून इराणात जायची, तिथे प्रती निघायच्या. ‘बाहेरून’ जे आलं ते हे. माझ्या पिढीने टी-सिरीजच्या काळात कॅसेटवरून कॅसेट भरून घेतल्यात, त्यामुळे हा पुरवठा किती स्वस्त आणि किती न थांबवता येणारा असतो, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग तक्त्याची पद्धत शिकवली. वर एका ओळीत सगळे तर्क लिहायचे, डावीकडे पुरावे, आणि प्रत्येक पुरावा कुठल्या तर्काला छेद देतो ते बघायचं. सगळ्या तर्कांना जुळणारा पुरावा कितीही सनसनाटी असला तरी बाजूला. ‘सैन्य एकनिष्ठ आहे’ हे कार्ड क्रांती होणार असेल तरी खरं, नसेल तरी खरं. मग त्याला इतकं वजन का दिलं? चाळीस दिवसांच्या शोकसभेचं मात्र तसं नाही. कोणी हुकूम न देता ठरल्या दिवशी वेगवेगळ्या शहरांत माणसं बाहेर पडत होती. हे कार्ड आमच्यापैकी बहुतेकांनी ‘धार्मिक प्रथा’ म्हणून गठ्ठ्याच्या तळाशी टाकलेलं होतं.

रविवारी सकाळी मिझोराम आणि कुर्दिस्तान शेजारी शेजारी ठेवले. नुसत्या या एका तासासाठी मी पुन्हा फी भरेन.

मिझो टेकड्यांत १९५९ च्या सुमाराला बांबू फुलला, उंदीर माजले, धान्य संपलं. तिथे याला मौताम म्हणतात. आसाम सरकारने इशारे मनावर घेतले नव्हते. दुष्काळात मदत करायला निघालेल्या संघटनेतूनच ऑक्टोबर १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली, लालडेंगा तिचे नेते. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री उठाव, ५ मार्चला आपल्याच हवाई दलाचा आयझॉलवर बॉम्बहल्ला. आमच्या वर्गात निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं, आणि पुण्यासारख्या इतिहासावर तावातावाने बोलणाऱ्या गावात हे जरा लाजिरवाणंच. बंडखोरांचे तळ पूर्व पाकिस्तानात, चितगावच्या डोंगराळ भागात. प्रशिक्षण, शस्त्रं, आसरा, तिन्ही तिथून. परकीय हाताचं याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. डिसेंबर १९७१ मध्ये तो आसरा गेला, पूर्व पाकिस्तानच उरला नाही. आणि मिझो करार कधी झाला? ३० जून १९८६. मध्ये साडेचौदा वर्षं.

आता कुर्द. इराकमध्ये मुल्ला मुस्तफा बारझानींच्या बंडाला इराणचे शहा, अमेरिका आणि इस्रायल यांची मदत होती. ६ मार्च १९७५ ला अल्जीयर्समध्ये शहा आणि सद्दाम यांच्यात समझोता झाला, इराणने सीमा बंद केली, आणि काही आठवड्यांत बंड कोसळलं. तिथे आठवडे, इथे वर्षं. सरांनी फळ्यावर चार रकाने आखले : पैसा, शस्त्रं, आसरा, कारण. पहिले तीन बाहेरून येऊ शकतात. चौथा रकाना मिझोंचा जुना आणि गावोगावचा, त्यात १९६७ पासून सैन्याने गावं उठवून एकत्र वसवली, त्याची भर. कुर्दांनाही कारण कमी नव्हतं, पण लढाईची रीत अशी झाली होती की तोफा, रसद आणि माघारीची वाट, सगळं इराणवर टांगलेलं. बंड संपलं तरी कारण कुठे संपलं? त्याच वर्षी जूनमध्ये जलाल तालाबानी या दुसऱ्या कुर्द नेत्याने दमास्कसमध्ये नवा पक्ष काढला. तेव्हा ‘हात आहे का’ याच्या पुढचा प्रश्न सर सारखा विचारत राहिले : “हात काढला तर उद्या सकाळी काय बंद पडेल?”

एल साल्वादोरचं प्रकरण धावतं घेतलं. फेब्रुवारी १९८१ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने श्वेतपत्रिका काढून तिथल्या बंडामागे क्यूबा आणि सोव्हिएत गट असल्याचं सांगितलं. जूनमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्यातल्या कागदांच्या अर्थातल्या चुका आणि फुगवलेले आकडे दाखवले. क्यूबाची मदत होती, पण मूठभर कागदांवर केवढा इमला चढवला होता! वरिष्ठांना हवा तो निष्कर्ष आधी ठरला की अंदाजाचं काय होतं, यावर अजून अर्धा तास हवा होता. ऑफिसात ‘एमआयएस’, म्हणजे वरिष्ठांसाठीचे आकड्यांचे अहवाल, बनवणाऱ्या कोणालाही हा भाग जवळचा वाटेल.

आता तक्रारी.

शेवटचं सत्र ‘आजचा शेजार’. इथे सर बदललेच. आदल्या दिवशी ज्यांनी प्रत्येक कार्डाला अक्षर-आकडा मागितला, त्यांच्याच पडद्यावर नकाशे आले आणि नकाशांवर लाल बाण. ढाका, काठमांडू, कोलंबो, तिन्हीकडे बाण, कोणाकडून ते गुलदस्त्यात. मी हात वर करून विचारलं, “या बाणाला कुठलं अक्षर द्यायचं, सर?” लोक हसले, सरही हसले, आणि पुढची स्लाइड आली. दुसऱ्या एका मुलीने श्रीलंकेतल्या तमिळ गटांना १९८३ नंतर भारतानेच प्रशिक्षण दिलं, त्याचा तक्ता करायचा का असं विचारलं. तर “तो वेगळा विषय आहे”. वेगळा कसा? १९८७ मध्ये आपली शांतिसेना त्यातल्याच एका गटाशी लढायला लागली आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. हात देणाऱ्याच्या हिशेबात काय येतं, हे शिकायला याहून जवळचा धडा नाही. सरांची अडचण मी समजू शकते, नोकरीत गुप्ततेच्या कागदांवर सह्या केलेल्या असतात. पण मग ते सत्रच ठेवू नका, इराणचा सराव आणखी तासभर वाढवा.

नोट्सच्या झेरॉक्स वाईट. मूळ कागदांतच गोपनीय ओळींवर काळे पट्टे, त्यात झेरॉक्सचे काळे डाग. कुठलं झाकलंय सरकारने आणि कुठलं टोनरने, कळत नाही. शिकवणं मराठीत आणि छान मराठीत, पण वाचायचे कागद सगळे इंग्रजी. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांची त्यात दमछाक होत होती. साडेचार हजारही त्यांना जड आहेत, त्यांच्यासाठी वेगळी फी ठेवायला हरकत नाही. आणि नंतरचा व्हॉट्सॲप ग्रुप! दोन दिवसांत तिथे ‘अग्रेषित’ मजकुराचा पूर आला. मी बाहेर पडले.

उपयोग काय झाला, तर ढाक्याचा तक्ता मी घरी करून बघितला. ५ जून २०२४ ला हायकोर्टाने सरकारी नोकऱ्यांतला स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांचा ३० टक्के कोटा परत आणला. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीबारात गेला. २१ जुलैला सुप्रीम कोर्टाने ९३ टक्के जागा गुणवत्तेवर दिल्या. भांडण नुसतं कोट्याचं असतं तर त्या दिवशी मिटायला हवं होतं. मिटलं नाही, कारण मधल्या पाच दिवसांत माणसं मेली होती. ५ ऑगस्टला गर्दी राजधानीत शिरली, लष्कर आडवं आलं नाही, आणि हसीना हेलिकॉप्टरने निघाल्या. बाहेरच्या हाताचा रकाना मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. मला छापील मिळालेल्या माहितीत असं एकही कार्ड सापडलं नाही की जे त्या हाताशिवाय जुळतच नाही. काठमांडूचंही वळण तसंच : ४ सप्टेंबर २०२५ ला समाजमाध्यमांवर बंदी, ८ ला गोळीबारात एका दिवसात १९ मृत्यू, ९ ला पंतप्रधानांचा राजीनामा.

आता आमच्या कामात एक बदल झालाय. गिऱ्हाइकाच्या देशात मोर्चावर गोळी चालून माणूस मेला अशी बातमी आली की पुढचा कंटेनर गेटच्या आत आणायच्या आधी मी थांबवते, ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीच्या पॉलिसीत राजकीय जोखमीचं कलम आणि मर्यादा पुन्हा वाचते, आणि एलसी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेची पैसे द्यायची हमी, तिसऱ्या देशातल्या बँकेकडून कन्फर्म करून मिळते का ते विचारते. यामागे कोण आहे, हे साहेबांनी कँटीनमध्ये ठरवावं.

कोणी जावं? निर्यातवाले, विमावाले, पत्रकार, यूपीएससीची मुलं. आपलं मत आधीच पक्कं असलेल्यांनी जाऊ नये, त्यांना शेवटचं सत्र तेवढं आवडेल. पाचपैकी चार तारे. एक बाणांचा कापला. जाणार असाल तर दुचाकीने जा, भिंग न्या, आणि मिझोरामच्या तासाला पुढच्या बाकावर बसा, कारण फळ्यावरचं अक्षर मागून दिसत नाही.